ह, काना, क

कॉम्प्युटर मला कधीच आवडला नाही, आणि तो दुरुस्त करणारे त्याहून नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हातारा उगाच चिडचिड करतो. उगाच करत नाही.

मी टाइपरायटर मेकॅनिक. सातवीत दोनदा बसलो, दोन्ही वेळा बसूनच राहिलो. वडिलांनी शाळा सोडवून इथं उज्जैनात, फ्रीगंजातल्या एका दुकानात पाठवलं, तिथं मशीन खोलायला शिकलो. पुढची सगळी उमर कोर्ट, तहसील, ट्रेझरी, शाळा यांच्या टेबलांवर ओणवा उभा राहण्यात गेली. हिंदी मशीन, इंग्रजी मशीन, दोन्ही. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण इंग्रजी मशीनवर कुठलं अक्षर कुठं बसतं ते अजूनही झोपेत सांगेन. टाइपरायटरचं एक बरं होतं. झाकण उघडलं की रोग समोर दिसायचा. स्प्रिंग तुटली, दांडी वाकली, फीत सुकली. तो कधी म्हणाला नाही की तुम्हाला परवानगी नाही.

मग हे डबे आले. पेपरात रोज उदारीकरण, उदारीकरण. मी त्याचा अर्थ एवढाच पाहिला की माझी मशीनं ऑफिसांच्या व्हरांड्यात एकावर एक रचली गेली आणि कबाड्यानं ती हातगाडीवर घातली. ज्या बाबू लोकांनी आयुष्यभर दोन बोटांनी टाइप केलं ते आता माउस हातात धरून साहेबासारखे बसायला लागले. काम तेवढंच करत होते.

आमची ही टायपिस्ट होती. हिंदी टायपिस्ट, सरकारी ऑफिसात, मॅट्रिक आणि टायपिंगची परीक्षा पास. माझ्यापेक्षा शिकलेली, आणि ते तिनं मला कधी विसरू दिलं नाही. आमची ओळख मशीनवरच झाली. तिच्या मशीनचा ह अडकायचा. दर आठवड्याला चपराशी बोलवायला यायचा आणि मी जाऊन तो ह सरळ करून यायचो. इतका वाईट ह मी उज्जैनभर दुसऱ्या मशीनमध्ये पाहिला नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं सांगितलं की ती मुद्दाम शेजारची दोन बटणं एकदम दाबून दांड्या अडकवायची. मी म्हणालो, सरकारी मशीन खराब करायला लाज नाही वाटली? म्हणाली, तुम्ही आठ दिवसांनी यायचात, त्याची लाज मशीनला वाटायला पाहिजे होती.

रिटायर झाली आणि तिसऱ्या वर्षी तिचा घसा धरला. ऑपरेशन झालं, आवाज गेला. पूर्ण गेला. आधी पाटी आणली, पण लिहिताना तिचा हात कापायचा आणि पाटी भरेपर्यंत भांडण थंड व्हायचं. ते तिला चालत नव्हतं. मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं हा कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात हिंदी टायपिंगची अक्षरं घालून दिली. बटणांवर इंग्रजी छापलेलं, पण बोटं जुन्या हिंदी मशीनसारखी चालवली की पडद्यावर हिंदी उमटायचं. हिला शिकवायला काहीच लागलं नाही. बसली आणि सुरू झाली. दोन महिन्यांचं बोलणं तुंबलं होतं.

तिची एक खोड होती. ऑफिसातल्या तिच्या मशीनवर ळ नव्हता. उमरभर तिनं ळच्या जागी ल मारला आणि कॉम्प्युटरवर ळ आहे म्हटलं तरी बोटं ऐकेनात. "वेल झाली, गोली द्या." "डाल करपली." मी हसलो की जास्त जोरात बटणं बडवायची.

खरी पंचाईत माझी होती. ती मिनिटात अर्धं पान टाइप करायची आणि मी बोट ठेवून एकेक ओळ वाचणार. अर्ध्यावर पोचेपर्यंत तिचं पुढचं तयार. मग मी काय करायला लागलो, वरची ओळ वाचायची, मान हलवायची आणि म्हणायचं, "हो, वाचलं." चाळीस वर्षं ऐकतानाही मी हेच केलं होतं. तेव्हा निभावलं.

एकदा मुलगा आला असताना त्यानं तिचं पान उघडून वाचलं. त्याच्या बायकोबद्दल चार ओळी होत्या, खऱ्या होत्या. तोंड पाडून बसला. हिनं त्याच्यासमोर टाइप केलं, "याला कुलूप कसं लावतात ते दाखव." त्यानं दाखवलं. ती कुलपाचा शब्द टाइप करताना त्यानं पाठ फिरवली, मी चहा ओतत होतो. मालकीण ती झाली. माझ्यासाठी त्यानं कॉम्प्युटरात एक वेगळं दार करून दिलं, पत्ते खेळायला. मी पत्ते खेळत नाही.

ज्या सकाळी तिला इंदूरच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं त्या दिवशी ती लवकर उठून टेबलाशी बसली होती. मी पिशव्या भरत होतो. गाडीवाला दारात हॉर्न वाजवत होता, एकदा, दोनदा. तिनं खुर्ची सरकवली, पडदा माझ्याकडे वळवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चार-पाच ओळी होत्या. मी म्हणालो, "हो हो, वाचलं. चल आता, गाडी उभी आहे."

ती तशीच बघत राहिली. मग तिनं डबा बंद केला, पदर सारखा केला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी म्हणालो, चष्मा घे. तिनं मान हलवली, नको म्हणून.

पाचव्या दिवशी ती गेली. इंदूरलाच.

तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. मला समजावत होती. ज्यांनी तिच्या आजारपणात एकदा डोकावलं नाही ती मला सांगत होती की सुटली बिचारी. कुठून सुटली ते विचारलं की चहा मागायची. माधव नगरात आमच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर बँकवाले साहेब राहतात, ते रोज यायचे, श्रीखंडाच्या वड्या खायचे आणि मला वैराग्य सांगायचे. सगळे गेले तेव्हा घर स्वच्छ वाटलं.

मग मी टेबलाशी बसलो. चष्मा तिथंच होता. मला एकच पाहिजे होतं, त्या सकाळच्या चार ओळी. काय म्हणाली होती ते. त्याच्यानंतर तिनं काही म्हटलंच नव्हतं. हॉस्पिटलात नळ्या होत्या.

बटण दाबलं. निळा पडदा आला, तिचं नाव, नावाशेजारी एक पिवळं बदक. बदक तिनंच निवडलं होतं. दाबलं तर शब्द मागतो. मला शब्द माहीत नव्हता.

मुलाला फोन केला. त्याच्याकडे दुसरी किल्ली असणार, डबा त्यानं आणला होता. म्हणाला, होती, सगळ्यात वरची, ॲडमिनिस्ट्रेटरची, तिलाही त्यानं शब्द लावला होता, पण काय लावला ते आठवत नाही. जो माणूस घराला कुलूप लावून किल्ली विसरतो त्याला आपण कमी अकलेचा म्हणतो. हेच कॉम्प्युटरचं केलं की इंजिनीअर म्हणतो. मग म्हणाला, "बाबा, जुनं काय करायचंय ते? पुसून नवीन टाकून घ्या. तुम्हाला त्रासच होईल."

मी फोन ठेवला.

बँकवाले साहेब कागद घेऊन आले. म्हणाले, याला डोकं लागतं. आमच्या लग्नाची तारीख, मुलाची जन्मतारीख, घराचा नंबर, देवांची नावं, सगळं त्यांनी एका बोटानं टोचून पाहिलं. प्रत्येक वेळी डबा नाही म्हणाला आणि ते मलाच विचारायचे, तारीख नक्की आठवते ना? लग्न माझं होतं. मी त्यांना चहा न देता वर पाठवलं.

शेवटी डबा ऑटोत घालून टावर चौकात, मुलानं तो जिथून घेतला होता त्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेला. दुकानवाला चाळिशीचा, कमरेला मोबाइल, बसल्या बसल्या दुसऱ्याशी बोलत माझं काम करणारा. माझं झाकण उघडं असताना मी कुणाशी बोललो तर माझ्या उस्तादानं पकडीनं कान पिरगळला असता.

त्यानं डबा सुरू केला आणि पहिला शब्द महाकाल टाकला. म्हणाला, इधर सबका यही रहता है. आमच्या हिचं नव्हतं. मग त्यानं कुठलीशी बटणं दाबून काळा पडदा आणला, त्यातून आत जायचं दार शोधलं. तिथं मुलाच्या विसरलेल्या शब्दाचं कुलूप. तो मागे टेकला आणि मला समजावून सांगायला लागला, जसं बहिऱ्याला सांगतात.

"देखो अंकल, इसमें ॲडमिन मॅडम हैं. आप तो गेस्ट हो. गेस्ट को पॉवर नहीं होती."

गेस्ट म्हणजे काय ते मला माहीत होतं, लॉजच्या पाटीवर असतं. मी विचारलं, घर मेरा, बिजली मेरी, औरत मेरी, और मैं मेहमान? तो म्हणाला, सिस्टम में यही लिखा है. तिला हे सांगितलं असतं तर आठवडाभर हसली असती.

त्याच्याकडे प्रत्येक रोगावर एकच औषध होतं, फॉरमॅट. मी विचारलं, त्यानं काय होतं. सब साफ, एकदम नया. आणि तिचं लिहिलेलं? वो तो जाएगा. असे डॉक्टर मी इंदूरला पाहून आलो होतो.

मी नाही म्हणालो. त्याला ते आवडलं नाही. पडद्यावर तिच्या नावापाशी एक प्रश्नचिन्ह होतं, ते दाबून म्हणाला, देखो, मॅडम ने खुद हिंट रखी है. हिंट म्हणजे शब्द विसरला तर आठवण करून देणारी खूण. मी इतके दिवस त्या पडद्यापुढे बसलो आणि ते चिन्ह मला दिसलं नव्हतं. मी पुढे वाकलो. तीन इंग्रजी अक्षरं होती, g k d.

"जी के डी. कुछ मतलब ही नहीं. कचरा है. बूढ़े लोगों से गलत बटन दब जाता है."

मी त्याला म्हणालो, तिच्या हातून गलत बटण दबत नाही. तो हसला. मी सांगितलं, तीस वर्षं तिचं टायपिंग मी पाहिलंय, साहेब चुकायचे, डिक्टेशन चुकायचं, ती नाही चुकायची. तो म्हणाला, ठीक है ठीक है, आणि एका चिठ्ठीवर तीन अक्षरं लिहून मला दिली, जशी पोराला गोळी देतात. म्हणाला, घर जाके सोचो, तब तक मैं इसको देखता हूँ.

समोर चहाची टपरी होती. मी बाकावर बसलो, चिठ्ठी गुडघ्यावर. राग इतका होता की चहाला चव नव्हती. बोटं आपोआप गुडघ्यावर पडत होती, जुनी सवय, मशीन दुरुस्त झालं की ओळ वाजवून बघायची. मधली ओळ. इंग्रजी मशीनवर जिथं जी, हिंदी मशीनवर तिथं काय? तिथं ह. माझा ह. तिचा अडकणारा ह. मी आठवड्याला सरळ करायला जायचो तो.

के च्या जागी काना. डी च्या जागी क.

ह, काना, क. हाक.

खूण पण तिनं हिंदी बोटांनीच मारली होती. त्या पडद्याला हिंदी येत नव्हतं म्हणून त्यानं इंग्रजी दाखवलं. आणि कचरा म्हणाला तो दुकानवाला, ज्यानं हिंदी मशीन फक्त कबाड्याच्या गाडीवर पाहिलं असेल.

ती मला हाक काय मारायची ते सांगायला कुणी इंजिनीअर नको होता. चाळीस वर्षं माझं नाव तिनं तोंडानं घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ऑफिसात सगळ्यांशी हिंदी बोलायची आणि मी दारात दिसलो की मराठीत एकच शब्द. तोच.

पैसे बाकावर ठेवून दुकानात गेलो तर डब्यात चकती घुमत होती आणि पडद्यावर निळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. मी विचारलं, ये क्या है. म्हणाला, बेटे का फोन आया था पुणे से, बोले पिताजी इमोशनल हैं, आप कर दो.

मी प्लग ओढला. भिंतीतून.

तो उठून उभा राहिला. म्हणाला, ऐसे बंद करने से हार्डडिस्क उड़ती है. मी म्हणालो, क्या मिटाया अब तक? म्हणाला, अभी कुछ नहीं, अभी तो पूछ ही रहा था कि मिटाऊँ क्या. म्हणजे डब्यानं तरी विचारलं होतं. मी वायरी गुंडाळल्या. त्यानं विचारलं, पासवर्ड मिल गया क्या? बताओ, यहीं खोल देता हूँ. मी म्हणालो, आप इसमें गेस्ट हो. त्याला काही कळलं नाही, ते साहजिक होतं.

घरी आणला. भर दुपार होती. वायरी मीच लावल्या, त्यात काही अक्कल लागत नाही, ज्या भोकात जी बसते ती तिथंच बसते. पिवळं बदक आलं. बोट ठेवताना माझा हात थोडा थांबला, कारण चूक झाली तर पुढे माझ्याकडे काही नव्हतं. खालच्या ओळीत अ, इंग्रजीचा व्ही. मग ह. मग काना, आणि त्याच्यावर मात्रा.

अहो.

चार ठिपके उमटले आणि दार उघडलं.

तिची एकच फाइल होती. रोजचं खाली खाली लिहीत गेलेली, वर्षाचं बोलणं. मी तिचा चष्मा लावला, माझा कुठं होता कोण जाणे. वरून सुरुवात केली आणि या वेळी बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचली. निम्मं मी पहिल्यांदाच वाचत होतो. "दूध उतू गेलं ते लपवू नका. आवाज गेला आहे, नाक नाही." "तुमच्या बहिणीला सांगा मी झोपले आहे." "डॉक्टरनं तुम्हाला बाहेर नेलं तेव्हाच मला कललं. तुमच्या तोंडाला खोटं बोलता येत नाही, तुम्ही बोलू नका." त्याच्याखाली, "वाचलं म्हणता, वाचत नाही." हे तीन ठिकाणी होतं. तिन्ही वेळा मी मान हलवली असणार.

दिवे लागायच्या सुमाराला शेवटच्या सकाळी पोचलो. ते जसं आहे तसं लिहितो.

"अहो, मला इंदूरला नेऊ नका. तिथून मी येत नाही, मला कलतं. इथंच पडून राहीन, त्रास देणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर येईन, भांडायची ताकद नाही. पण नीट वाचून सांगा. घरीच ठेवता ना?"

आणि मी म्हणालो होतो, हो हो, वाचलं. चल आता, गाडी उभी आहे.

नाही म्हणालो असतो तरी एक बोलणं झालं असतं. मी हो म्हणालो आणि गाडीत घातलं. ती माझ्याकडे का बघत राहिली ते मला इंदूरच्या अख्ख्या रस्त्यात कळलं नाही. मी तिला म्हणत होतो, दोन दिवसांत परत येऊ.

दुकानवाल्यानं तीन अक्षरं न वाचता कचरा म्हटलं म्हणून मी त्याला काय काय म्हणालो ते वर लिहिलंय. खोडत नाही. तो मूर्खच आहे. पण त्याचं तिच्याशी लग्न झालं नव्हतं.

रात्री मुलाचा फोन आला. दुकानवाल्यानं त्याला सांगितलं होतं की पिताजी मशीन उठाके ले गए. विचारत होता, उघडलं का, काय होतं त्यात. मी सांगितलं, घरचं होतं. तो म्हणाला, मग आता तुमचं नाव ॲडमिन करून घ्या, मी फोनवर सांगतो कसं करायचं, सोपं आहे. मी म्हणालो, आहे ते राहू दे. मी गेस्ट बरा आहे.

आता रोज थोडं वाचतो, पहिल्यापासून. पुढे गेलो की शेवटचं पान येतंच. तिच्या प्रश्नचिन्हापुढे ती उभी काडी उघडझाप करत असते, पुढचं अक्षर मागत. जागा रिकामी आहे. बटणं मला येतात, ह, काना, मात्रा, अहोमधला अ सोडला तर तीच तीन. बोट तिथं ठेवून बसतो. दाबत नाही. ते मी एकदा म्हणून बसलोय.